खिडकी नंबर ६३

लखनौच्या चारबाग स्थानकाविषयी इथला माणूस पाहुण्याला एक गोष्ट हमखास ऐकवतो. आत फलाटावर गाडी कितीही धडधडत येवो, बाहेर पोर्चमध्ये उभं राहिलेल्याला तिचा आवाज ऐकू यायचा नाही. इमारतच तशी बांधली आहे म्हणे. या इमारतीचा पाया मार्च १९१४ मध्ये घातला. वर घुमट आणि छत्र्यांची इतकी दाटी की उंचावरून पाहणाऱ्याला बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसतो. आवाजाची गोष्ट खरी की खोटी हे पडताळायचं तर आधी बाहेरच्या रिक्षावाल्यांनी पाच मिनिटं गप्प बसायला हवं, आणि तसा योग अजून आलेला नाही. पण अभिमान कशाचा आहे बघा. आपल्याकडे स्टेशनचं कौतुक करायचं तर किती गाड्या, किती गर्दी, हे सांगतात. लखनौकर सांगतो, आमच्याकडे गाडी येते, पण कोणाच्या कानाला उपद्रव देत नाही.

अशा शहरात मी दुपारच्या वेळी एका वाफेच्या इंजिनाचा आवाज जुळवत बसलेला असतो.

इंजिन वीतभराहून थोडं लांब आहे. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचं, आणि जन्माने अमेरिकन. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये आठ मोठी, मागे पुन्हा दोन छोटी. आपल्या डब्ल्यूजीची मांडणीही हीच. तेवढ्या नात्यावर मी त्याला काळा रंग दिला आणि डब्ल्यूजी म्हणायला लागलो. १९५० ते १९७० या काळात भारतीय रेल्वेसाठी २४५० डब्ल्यूजी इंजिनं बनली. त्यातलं शेवटचं, ‘अंतिम सितारा’ नावाचं, जून १९७० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलं. माझं लहानपण दौंडला गेलं. त्या वयात नंबर कोण वाचतो? पण यार्डात रात्रभर जे धापा टाकत असायचं ते डब्ल्यूजीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

जाणकारांना हे रंगकाम खपत नाही. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ने भागलं तर एकोणीस मिलिमीटरच्या वर उत्तर येतं, आणि माझा रूळ साडेसोळाचा. पुण्याहून आलेला पाहुणा पायातल्या चपला काढायच्या आत म्हणतो, ‘‘गेज चुकलंय.’’ लखनौचा पाहुणा आधी चहा घेतो, इंजिनाची तारीफ करतो, रुळाची करतो, माझ्या चिकाटीची करतो, आणि निघताना दाराशी थांबून हळूच म्हणतो, ‘‘बस, ज़रा दुबला लग रहा है।’’

पुणेकरांचा अधिकार मला मान्य आहे, कारण या नादाची आपल्याकडची पंढरी पुण्यातच आहे. कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालं. एका हॉलमध्ये अख्खं गाव, त्यात गाड्या, सिग्नल, पूल. तिथे मुलाला घेऊन म्हणून गेलेले बाप मुलाला कंटाळा आल्यावरही हलत नाहीत. मी मुलाशिवायच गेलो होतो, त्यामुळे मला उठवायला कोणी नव्हतं.

पूर्वी खेळण्यातल्या गाडीचं गणित सोपं असे. रुळात वीज जास्त सोडली की गाडी पळायची, कमी केली की रेंगाळायची. आता रुळात वीज सदा सारखीच असते आणि तिच्यातूनच आकड्यांत निरोप जातात. मूळ पद्धत लेंझ या जर्मन कंपनीची. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती प्रमाण ठरवली. विजेची अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो एक, शंभर किंवा त्याहून लांबली तर शून्य. असे एक आणि शून्य ऐकून, त्यातला आपल्या नावाचा निरोप तेवढा उचलून, मोटर, दिवे आणि आवाज सांभाळणारा जो तीन सेंटिमीटरचा तुकडा इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरमध्ये बसवलेला असतो, त्याला डिकोडर म्हणतात. खऱ्या रेल्वेचा रूळ, डबा, स्प्रिंग कशी असावी हे ठरवणारी आरडीएसओ १९५७पासून इथे लखनौलाच, मानकनगरात आहे. माझ्या दिवाणखान्यातली रेल्वे मात्र अमेरिकेच्या नियमाने चालते. शहरात याची कोणाला खंत नाही.

डिकोडरची उत्तर द्यायची रीत मला फार आवडते. त्याला काही विचारायचं तर इंजिन एका वेगळ्या रुळावर घ्यायचं आणि उत्तर हो किंवा नाही असंच येईल असा प्रश्न करायचा. उत्तर हो असेल तर डिकोडर साधारण सहा मिलिसेकंद साठेक मिलिअँपियर वीज जादा खातो. त्यासाठी तो मोटरला किंचित हलवतो, आणि इंजिन केसभर पुढे सरकतं. जणू मान डोलावतं. आणि उत्तर नाही असेल तर? तर काहीच करत नाही. ‘नाही’ म्हणायची सोयच या पद्धतीत ठेवलेली नाही. ज्याने ही रीत बसवली तो लखनौला राहून गेला असावा असा मला दाट संशय आहे. इथला सुतार नाही म्हणत नाही, शिंपी नाही म्हणत नाही, नळ दुरुस्त करणारा तर मुळीच म्हणत नाही. ‘‘जी, बिलकुल, कल सुबह हाज़िर होता हूँ।’’ सकाळ होते, दुपार होते, आणि मग आपण समजून घ्यायचं असतं. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला हे समजायला वर्ष जातं. डिकोडर हाताळलेल्याला लवकर समजतं.

आता खिडक्या. डिकोडरच्या पोटात शेकडो कप्पे असतात, प्रत्येकाला नंबर आणि प्रत्येकात शून्य ते २५५ यांपैकी एक आकडा. त्यांचं पुस्तकी नाव लांबलचक आहे. मी त्यांना सरकारी कचेरीतल्या खिडक्या म्हणतो, आणि का ते लगेच कळेल. खिडकी नंबर एकमध्ये इंजिनाचा पत्ता. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता तीनच असतो, त्यामुळे दोन नवी इंजिनं रुळावर ठेवली तर एकाच हुकमाला दोघंही उठून चालू लागतात. तीन नंबरात वेग घ्यायला किती वेळ लावायचा ते, चार नंबरात थांबायला किती. आठ नंबरवर डिकोडर बनवणाऱ्याचं नाव कळतं. पण त्याच खिडकीत आठ लिहून टाकलं तर माझ्या डिकोडरमधलं आजवरचं सगळं लिखाण पुसलं जातं. ६३ नंबरात एकूण आवाज, शून्यापासून १९२पर्यंत.

पण एकेक आवाज वेगळा कमी-जास्त करायचा असेल, तर खरी कचेरी सुरू होते. आधी खिडकी ३१मध्ये १६ लिहा. मग ३२मध्ये १ लिहा. त्या दोघांची मंजुरी मिळाली की २५९ नंबरची खिडकी उघडते आणि पहिला आवाज तिथे भेटतो. दुसरा २६७ला, तिसरा २७५ला. आठ-आठ घरं सोडून. ३१ आणि ३२ला वगळून थेट २५९वर गेलात तर तुमचा अर्ज कोणत्या फायलीला लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे सगळं जर्मन अभियंत्यांनी केलेलं आहे हे मला पटत नाही. बाबू आपल्याकडचे असावेत.

तीन नंबरात मी मोठा आकडा लिहून ठेवला आहे. त्यामुळे हुकूम दिल्यावर इंजिन तत्काळ निघत नाही. आधी सिलिंडरमधलं पाणी फुसफुसत बाहेर सोडतं, मग थोडं थांबतं, मग एक ‘भक्’, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. ‘पहले आप, पहले आप’ करण्यात गाडी चुकलेल्या दोन नवाबांचा विनोद सर्वांना ठाऊक आहे. माझी गाडी त्यांना सहज मिळाली असती. खरं तर इतिहासाकडे पाहिलं तर त्या विनोदात नवाब कुठून आले हाच प्रश्न आहे. वाजिद अली शाहांचं राज्य १८५६ मध्ये गेलं आणि त्यांनी लखनौ सोडलं. कानपूरहून लखनौला पहिली रेल्वे आली ती १८६७ मध्ये. ठुमरीवर जीव टाकणाऱ्या त्या माणसाला आपल्या शहरात इंजिनाची शिटी ऐकायला मिळालीच नाही. चुकायला गाडीच नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक चाचा राहतात. रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. ब्रॉडगेजवरची नियमित वाफ १९९५ मध्ये संपली. त्याच्या आधीची बरीच वर्षं चाचांनी फुटप्लेटवर काढली. माझ्या इंजिनाचा आवाज जिन्यातून खाली गेल्यावर ते वर आले, सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘चलाइए।’’

मी चालवलं. पहिल्याच फेरीला त्यांनी डोळे उघडले. ‘‘ये घंटी किसकी है?’’

अमेरिकन इंजिनांवर पितळी घंटा असते. स्टेशनात शिरताना ती वाजवत राहायची तिकडची रीत. डिकोडरच्या बटणांत शिटीच्या आधी घंटेचा नंबर लागतो. हे मी सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. ‘‘तो मंदिर साथ ले के चलते हैं,’’ असं म्हणून पुन्हा डोळे मिटले. घंटेची खिडकी शून्य झाली.

मग इंजिन उभं असताना येणारी ठक-ठक. ती हवेच्या ब्रेकच्या पंपाची. आपल्या वाफेच्या गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक. तिथे पंप नाही, इजेक्टरची सुसकारी असते. ठक-ठक शून्य. मग सेफ्टी व्हॉल्व्ह. माझ्यासारख्या शौकिनांचा हा लाडका आवाज. वाफ भस्सकन उडते, मुलं दचकतात, पाहुणे हसतात. चाचांच्या चेहऱ्यावर मात्र कोणीतरी चारचौघांत ढेकर दिल्यासारखा भाव आला. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे फायरमनने गरजेपेक्षा जास्त वाफ केली. कोळसा वाया, पाणी वाया, आणि ड्रायव्हरच्या शिव्या वेगळ्या. चांगल्या फायरमनचं इंजिन सुई लाल रेघेजवळ ठेवतं आणि तोंड बंद ठेवतं. माझ्या डिकोडरमधला फायरमन मधूनच बेलचा आपटत कोळसा टाकतो. त्याची कामाची पद्धत पाहून चाचा म्हणाले, ‘‘नया लड़का है।’’ त्याला काढून टाकू नका, शिकेल, अशी शिफारसही केली. म्हणून बेलचा अजून आहे, पण हळू.

त्यांची खरी तक्रार पुढे आली. ‘‘इंजिन चढ़ाई पे है?’’

‘‘नाही. सपाट.’’

‘‘फिर रो क्यों रहा है?’’

यात मोठी गोष्ट होती. सिलिंडरात वाफ किती वेळ सोडायची हे ड्रायव्हर लिव्हरने ठरवतो. चढावर किंवा गाडी हलवताना वाफ बराच वेळ सोडावी लागते. ती काम करून बाहेर पडते तेव्हाही तिच्यात जोर असतो, आणि धुराड्यातून तो तोफेसारखा आवाज येतो. गाडीने वेग धरला की शहाणा ड्रायव्हर वाफ थोडीच सोडतो आणि उरलेलं काम तिच्या फुगण्यावर सोपवतो. मग आवाज मऊ होतो. माझ्या डिकोडरमधला आवाज कुठल्याशा डोंगराळ मुलखात, इंजिन जिवाच्या आकांताने चढत असताना घेतलेला असावा. तो बोरघाटात शोभला असता. पण बोरघाटात १९३०च्या सुमारास विजेची इंजिनं आली आणि तिथली धाप तेव्हाच थांबली. अवधच्या जमिनीला तर चढ ठाऊकच नाही. लखनौपासून कानपूरपर्यंत शेतं, आंब्याच्या बागा, पुन्हा शेतं आणि शेवटी गंगा. इथे इंजिनाने इतकं कण्हायचं कारण नाही. मी जोराच्या आवाजाची खिडकी निम्म्यावर आणली. चाचा म्हणाले, ‘‘अब इधर का लगता है।’’

त्यांची एक मागणी मला पुरी करता आलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे धुकं पडतं ते आपल्याकडच्या धुक्यासारखं सकाळी फिरायला निघालेलं धुकं नसतं. ते मुक्कामाला येतं. सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याच्या २७० मीटर आधी रुळावर, एकमेकांपासून दहा मीटरवर, दोन पटाखे बसवतात. चाक त्यांच्यावरून गेलं की धडाड्, धडाड्, आणि ड्रायव्हरला कळतं की सिग्नल आला. थंडीच्या रात्री रजईत पडून लखनौने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला रेल्वेचा आवाज कोणता म्हणाल तर हा. चाचांच्या मते ज्या इंजिनाखाली पटाखा फुटला नाही त्याने हिवाळा पाहिलेला नाही. मी त्यांना सांगितलं, माझा रूळ टेबलावर आहे आणि पडदे सुती आहेत.

चाचा आवाजाच्या जातीचे जाणकार. ठेक्याची जाणकार आमच्या घरातच आहे. माझी बायको गाणं शिकलेली, सांगलीकडची. इंजिन सुरू असताना ती भाजी निवडत असली तरी तिचा हात मांडीवर ताल धरतो. एकदा तिने आतून विचारलं, ‘‘अहो, तुमचं इंजिन सम का सोडतंय?’’

दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भक् असतात. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या एकदा पुढे, एकदा मागे; दोन्ही वेळा वाफ बाहेर पडते. म्हणजे एक फेरा म्हणजे चार मात्रा, आणि चार फेरे झाले की सोळा मात्रांचा अख्खा तीनताल. खऱ्या डब्ल्यूजीच्या मोठ्या चाकाचा व्यास १५६२ मिलिमीटर, घेर पाच मीटरला थोडा कमी. माणूस चालतो त्या, ताशी पाच किलोमीटरच्या चालीला मिनिटाला अडुसष्टच्या आसपास भक् पडतात. म्हणजे साधारण आपल्या नाडीची गती. ताशी साठला तेच सेकंदाला तेरा-चौदा होतात आणि कानाला एकेक वेगळा मोजता येत नाही. ती द्रुत लय, तिथे बायको हात आवरता घेते. पण विलंबित लयीत लपवायला जागा नसते. माझ्या इंजिनाचं चाक एक आणि आवाज दुसरंच बोलत होता. तो मेळ बसवायच्या खिडक्या ५७ आणि ५८. तिने समोर बसून टाळी द्यायची, मी चाकाच्या दांड्यावर नजर ठेवून आकडा बदलायचा, अशा आमच्या बैठका चालू आहेत. संसारात एवढी एकतानता आम्हाला आधी साधली नव्हती.

हे सगळं लखनौत व्हावं याला एक जुनं कारण आहे, आणि ते मराठी आहे. वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी वकिली सोडून देशभर हिंडून गाणं गोळा केलं; १९०४ मध्ये दक्षिणेत, मग उत्तरेत. हिंडले ते अर्थात वाफेच्या गाड्यांनी. गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवायच्या आणि त्या कागदावर उतरवायच्या. खालच्या सप्तकाला खाली टिंब, कोमल स्वराला खाली रेघ, समेला फुली, खालीला शून्य. १९२४ आणि १९२५ला त्यांनी लखनौत संगीत परिषदा भरवल्या आणि १९२६ मध्ये इथे संगीताचं कॉलेज उभं राहिलं. नाव तेव्हाच्या गव्हर्नरांचं, मॅरिस. आता ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे आणि कैसरबागेत आहे. पुढे त्याची धुरा वाहिली तीही श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या मराठी माणसानेच. १९१६च्या काँग्रेसला टिळक लखनौला येऊन गेले त्याची आठवण आपण जास्त ठेवतो. पण टिळक आले आणि परत गेले, भातखंड्यांचं कॉलेज इथे राहिलं.

भातखंड्यांवर आक्षेप एकच होता. कागदावर स्वर उतरतो, पण दोन स्वरांच्या मधली मींड उतरत नाही. बंदिशीचा सांगाडा हाती लागतो आणि जीव उस्तादाच्या गळ्यातच राहतो. आक्षेप खराच होता, आणि तरीही ती वही लिहिली गेली नसती तर कितीतरी बंदिशी गळ्यांबरोबरच गेल्या असत्या. मला ५७ नंबरात २४ लिहिलं तर ठेका मागे पडतो आणि २५ लिहिलं तर पुढे जातो असं वाटतं, तेव्हा भातखंड्यांची अडचण कळते. साडेचोवीस लिहायची सोय नाही. चाचांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे असतं ते पंडितजींनी बऱ्याच खांसाहेबांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं असणार.

राहिली खिडकी ६३. तिच्यावरून घरात, जिन्यात आणि माझ्या मनात असे तिन्हीकडे मतभेद होते. माझी मागणी उघड होती. आवाज मोठा हवा. दौंडच्या फलाटावर आजोबांचा हात धरून उभं असताना इंजिन अंगावर यायचं आणि पोटात खड्डा पडायचा, तसा. पण हिशेब माझ्या विरुद्ध होता. टेबलाशी मी इंजिनापासून एक मीटरवर बसतो. १:८७ने मोजलं तर खऱ्या इंजिनापासून मी ८७ मीटरवर आहे, म्हणजे फलाटावर नाहीच. फाटकापलीकडच्या चहाच्या टपरीवर. तिथून इंजिन जेवढं ऐकू येतं तेवढंच या टेबलावर शोभतं. डोळ्याने ८७ मीटर लांब राहायचं आणि कानाने इंजिनाला जाऊन चिकटायचं, हे जमत नाही. काहीतरी खोटं वाटत राहतं आणि काय खोटं आहे ते कळत नाही. शिवाय टेंडरमधला स्पीकर पंधरा मिलिमीटर लांब आणि अकरा रुंद. खर्जातला स्वर त्याच्या ताकदीबाहेरचा आहे. ६३ नंबरात १९२ लिहिलं की खर्ज वाढत नाही, फक्त पत्रा कुरकुरतो.

म्हणून आता तिथे साठच्या आतला आकडा आहे, आणि तो योग्य आहे असं माझं ठाम मत झालं आहे. इंजिन आलं हे कान टवकारल्यावर कळावं. पाहुण्यांनी बोलणं थांबवावं. इंजिनाने आवाज चढवू नये. खालच्या मजल्यावर चाचींची दुपारची झोप मोडत नाही, हा वेगळा फायदा. रुळावर धूळ बसली की आवाज मध्येच तुटतो आणि लखनौला धुळीची ददात नाही. पण त्याला फडकं आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खिडकीत सापडत नाही, ती म्हणजे शिटी. अमेरिकन शिटीत तीन-चार स्वर एकदम वाजतात, आणि फाटकाशी त्यांचा संकेत ठरलेला: दोन लांब, एक तोकडी, पुन्हा एक लांब. आपल्याकडे रुळालगत ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी आली की ड्रायव्हर एकच लांब शिटी देतो, आणि ती सरळ, बारीक, थोडी चिडलेली असते. जवळच्या माणसापेक्षा ती लांबच्या माणसाला जास्त कळते. डिकोडरसोबत आलेल्या आवाजांच्या यादीत ती नाही. मी त्यातल्या त्यात जवळची एक निवडून चाचांना ऐकवली. ते म्हणाले, ‘‘ये तो विदाई की शहनाई है।’’ मग चहा संपवला, घसा साफ केला, दोन बोटं ओठांवर ठेवली आणि स्वतःच दिली. खालून चाचींनी हाक मारून काय झालं ते विचारलं. मी ती मोबाइलवर घेतली, संगणकातून डिकोडरमध्ये भरली, आणि तूर्त आमची डब्ल्यूजी पंचाहत्तरीतल्या माणसाच्या ओठांनी शिटी देते. पण चाचाच म्हणतात की ही नक्कल आहे, अस्सल शोधा.

ती शोधायची जागा मला अलीकडे सुचली. रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’ हे डब्ल्यूपी इंजिन अजून वाफेवर चालवून दाखवतात, तिथे जाईनच. पण प्रत्येक इंजिनाचा गळा निराळा आणि मला दौंडचा हवा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर आले तेव्हा आपण इंजिनांचं रेकॉर्डिंग केलं नाही. मुंजींचं आणि लग्नांचं केलं. दौंड, मनमाड, भुसावळ, कुर्डूवाडी, मिरज अशा गावांत कार्यालयं स्टेशनपासून फार लांब नसत. माझ्या मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ‘सावधान’च्या पाठोपाठ एक शिटी होती हे मला आणि मामीला दोघांनाही पक्कं आठवतं, ती कॅसेट घर बदलताना हरवली. तुमच्याकडे अशी एखादी असेल. माळ्यावर, पेटीत, जुन्या शालींखाली. फीत चिकटायच्या आत ती काढा, ऐका आणि तिची एक प्रत करून ठेवा. जागा कमी पडली तर मंगलाष्टकं गाळली तरी चालतील. ती पंचांगात छापलेली असतात.